नवापूरच्या मातीत अजून बर्ड फ्लू आहे का? २००६ चा आणि २०२१ चा व्हायरस एकच होता का?

रिकामं_शेड ने विचारलंय:

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी मूळचा साक्रीकडचा, नोकरीला सुरतला. माझ्या मामेभावाने नवापूर तालुक्यात एक रिकामं लेअर शेड (अंड्यांच्या कोंबड्यांचं) भाड्याने घ्यायला बघून ठेवलंय. केज आहेत, बोअरला पाणी आहे, हायवेपासून लांब नाही, मालक भाडं पण परवडेल असं सांगतोय. सगळं जमलं होतं पण घोडं अडलंय एकाच गोष्टीवर. त्या शेडातल्या कोंबड्या २०२१ च्या फेब्रुवारीत बर्ड फ्लूमधे मारल्या होत्या, आणि २००६ ला तर काय, नवापूरचं नाव देशभर झालं होतं, तेव्हा पण त्याच पट्ट्यातले फार्म रिकामे केले होते.

आता मामांचं म्हणणं असं की ती मातीच खराब आहे, तिथं रोग पुरलेला आहे, पंधरा वर्षं झोपला आणि उठला, आता परत उठेल. मामा पैसे देणारे आहेत त्यामुळे त्यांचं ऐकावं लागतं. 😅 भाऊ म्हणतो हे सगळं थोतांड आहे. मी मधे अडकलोय.

मी नेटवर शोधलं तर कुठे क्लेड २.२, कुठे २.३.४.४बी, कुठे एच५एन८ असलं काय काय आलं आणि सगळं डोक्यावरून गेलं. एवढंच कळलं की भोपाळच्या लॅबमधे व्हायरसचे जीन्स वाचतात. मग माझा साधा प्रश्न आहे, जीन्स वाचून हे ठामपणे सांगता येतं का की दुसऱ्या वेळचा रोग तिथलाच जुना उठलेला होता का बाहेरून नवीन आलेला? आणि अजून एक, शेजारच्या एका फार्मवाल्याचा रिपोर्ट मागे एच९एन२ आला होता, तो पण बर्ड फ्लूच म्हणतात ना, मग त्याच्या कोंबड्या मारायला कोणीच कसं आलं नाही?

---

तलंगवाला:

मामांना माझा नमस्कार सांगा, माणूस अनुभवी दिसतोय, पण कारण चुकीचं धरलंय.

मी २००६ ला नंदुरबार जिल्ह्यातच होतो, दुसऱ्याच्या फार्मवर सुपरवायझर. तेव्हा कोणाला बर्ड फ्लू हा शब्द पण नीट माहीत नव्हता हो. मर सुरू झाली तर सगळे म्हणाले मानमोडी आहे, राणीखेतची लस परत करा. लस करून पण मर थांबेना, तुरे निळे पडलेले, सकाळी शेडात गेलं की केजमधे ओळीने पडलेल्या. मग १८ फेब्रुवारीला जाहीर झालं आणि दुसऱ्या दिवसापासून पांढऱ्या सूटमधली माणसं. ते दिवस नको वाटतात आठवायला. अंडी, खाद्य, ट्रे सगळं खड्ड्यात.

जीन्स बीन्स मला कळत नाही, जाणकार सांगतील. पण मातीचं म्हणाल तर त्याच पट्ट्यात २००६ नंतर लोकांनी परत फार्म उभे केले आणि वर्षानुवर्षं अंडी काढली की नाही? माती खराब असती तर २००७ लाच उठला असता, पंधरा वर्षं कशाची वाट बघत होता?

---

बेस_पेअर:

मी पुण्यात व्हायरॉलॉजीत पीएचडी करतेय, फ्लूवरच काम आहे, म्हणून जरा लांब लिहिते, चहा घेऊन बसा.

आधी तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर: हो, सांगता येतं, आणि या बाबतीत तर बऱ्यापैकी ठामपणे सांगता येतं. मामांची थिअरी जीन्सच्या परीक्षेत नापास होते.

का ते बघा. फ्लूचा व्हायरस म्हणजे आरएनएचे आठ सुटे तुकडे. आठही तुकडे मिळून साधारण साडेतेरा हजार अक्षरांचा मजकूर. हा व्हायरस कॉपी काढताना मुलखाचा निष्काळजी आहे, चुका करतो आणि खोडत नाही. त्यातला एचए नावाचा जीन (एच५ मधला एच तो हाच) सतराशे अक्षरांच्या आसपासचा आहे, आणि त्यात दर हजार अक्षरांमागे वर्षाला चार-पाच बदल टिकतात. म्हणजे वर्षाला सात-आठ. पंधरा वर्षं कोंबड्याबदकांत फिरत राहिला तर शंभराच्या वर अक्षरं बदललेली दिसणार. पण हे बदल फक्त व्हायरस *पिकत* असताना होतात. मातीत पडून राहिला तर तो कॉपीच काढत नाही, मग चुका कुठून होणार? म्हणजे मामा म्हणतात तसा २००६ चा व्हायरस खरंच पुरून ठेवलेला उठला असता, तर २०२१ ला त्याचा मजकूर जवळजवळ अक्षर न अक्षर २००६ चाच निघाला असता. एका नजरेत पकडला गेला असता.

हे मी हवेत बोलत नाहीये, माणसांच्या फ्लूत असं एकदा झालंय. १९७७ मधे चीन-रशियाकडून एच१एन१ परत आला तेव्हा तो १९५० च्या आसपासच्या व्हायरसशी इतका जुळत होता की लोक म्हणाले हा मधली पंचवीस वर्षं होता कुठे, फ्रीजमधे? आणि तो लॅबमधून किंवा कुठल्या तरी लसीच्या ट्रायलमधून सुटला असावा असा संशय आजही आहे. झोपलेला व्हायरस असा ओळखू येतो, त्याचं वयच वाढलेलं नसतं.

आता क्लेड, म्हणजे व्हायरसचं घराणं. तुम्ही गावाकडचे आहात म्हणजे सातबारा कळतो. गट नंबरचे कसे पोटहिस्से पडत जातात, वाटण्या झाल्या की हिश्श्याचा हिस्सा? क्लेडचे आकडे अगदी तसेच. मूळ गट म्हणजे १९९६ ला चीनच्या ग्वांगडोंगमधे हंसात सापडलेला एच५एन१. त्याची पोरं, नातवंडं, पतवंडं म्हणजे हे सगळे २.२, २.३.२.१ए, २.३.४.४बी.

२००६ ला नवापूर, पलीकडे गुजरातमधलं उच्छल, मग जळगाव, बऱ्हाणपूर इथे आला तो क्लेड २.२. हे घराणं २००५ मधे चीनच्या चिंघाई सरोवरावर हजारो रानपक्षी मेले तिथून पश्चिमेकडे पसरलेलं. मेलेल्यांत पट्टकादंब खूप होते, आपल्याकडे थंडीत जायकवाडीला, उजनीला येतात तेच (आपल्याकडचेच पक्षी ते घेऊन आले असं मी म्हणत नाहीये, फक्त तोच पक्षी म्हणून सांगितलं). नंतर २००७ ला मणिपूर, २००८ ला पश्चिम बंगाल. मजा म्हणजे तिन्ही वेळा क्लेड २.२ च, पण पुण्याच्या एनआयव्हीच्या (राष्ट्रीय विषाणू संस्था) लोकांनी जीन्स ताडून दाखवलं की २००८-०९ चा हा भारतातला *तिसरा* शिरकाव आहे, आधीच्याचीच शेपटी नाही. म्हणजे एकाच आडनावाचे तीन पाहुणे वेगवेगळ्या गाडीने आले.

मग २०११ पासून २.३.२.१ चं घराणं दिसायला लागलं आणि २.२ मागे पडत गेला. २०१६ ला दिल्लीच्या आणि ग्वाल्हेरच्या प्राणिसंग्रहालयात, केरळात वगैरे एच५एन८ आला तो २.३.४.४बी. २०२१ च्या हिवाळ्यात देशात एच५एन१ पण होता आणि एच५एन८ पण. २.२ त्या वर्षी यात कुठेच नाही. २००६ च्या पाहुण्याचं घराणं केव्हाच आटोपलं होतं, २०२१ ला भलत्याच भावकीतले आले.

शिवाय मातीत हा टिकतो किती? कोंबड्यांच्या विष्ठेत ४ अंश थंडीत पस्तीसेक दिवस, ३७ अंशाला सहाएक दिवस. नवापूरचा मे महिना तुम्हाला मी सांगायला नको.

---

फुकट_सल्ला_केंद्र:

ताई सगळं छान समजावलं, सातबारा तर एक नंबर. पण खरं सांगू का, शेतकऱ्याला याचा उपयोग काय? २.२ असो का २.३.४.४बी असो, गाडी येणार, एक किलोमीटरच्या आतलं सगळं मारणार, दहा किलोमीटरमधे विक्रीवर नजर. माझ्या मेव्हण्याच्या फार्मवर आजारी एकही पक्षी नव्हता, फक्त हद्दीत होता म्हणून गेला. भरपाई आली ती किती उशिरा आणि किती हे विचारूच नका. तेव्हा कुणी व्हायरसच्या वंशावळीचं झाड काढून दाखवलं नाही कुठला हिस्सा कुठल्या गटातला. पेपर छापायला बरं आहे हे सगळं.

---

गुरांचा_डॉक्टर_निवृत्त:

पशुसंवर्धनमधे एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीच धुळे-नंदुरबारला. वरच्या भावाचा राग रास्त आहे. जिवंत, खाती-पिती कोंबडी मारताना आमचे पण हात कापायचे, लोकांना वाटतं आम्हाला काही वाटत नाही.

पण एक गैरसमज दूर करतो. कलिंगचा, म्हणजे कोंबड्या मारण्याचा निर्णय सीक्वेन्सिंगसाठी, म्हणजे जीन्स वाचून होईपर्यंत थांबत नाही आणि थांबू पण नये. क्रम असा असतो. मर वाढली की आम्ही मेलेले पक्षी, घशाचे आणि गुदद्वाराचे स्वॅब बर्फात घालून पाठवायचो, पुण्याच्या रोग अन्वेषण प्रयोगशाळेला आणि तिथून भोपाळला, राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत. पूर्वी ती आयव्हीआरआय या पशुवैद्यक संशोधन संस्थेचीच शाखा होती. तिथे आधी आरटी-पीसीआर. पहिल्यांदा बघतात इन्फ्लुएंझा ए आहे का, मग एच५ का, एच७ का, एच९ का. एच५ आला की फोन. पुढे अंड्यात व्हायरस वाढवणं, जीन्स वाचणं हे नंतर सावकाश चालू राहतं.

आता एच९एन२ चा प्रश्न. बर्ड फ्लू हा एक रोग नाही हे आधी डोक्यात घ्या. व्हायरसच्या अंगावरचा एचए प्रोटीन कामाला लागायच्या आधी एका जागी कापला जावा लागतो, नाहीतर व्हायरस पेशीत शिरू शकत नाही. कापणारी कात्री कोंबडीच्या शरीरात असते. एच९एन२ च्या त्या सांध्यावर आर-एस-एस-आर किंवा के-एस-एस-आर अशी अमिनो आम्लं असतात, तो सांधा कापणारी कात्री फक्त श्वासनलिकेत नि आतड्यात मिळते. म्हणून रोग तिथल्या तिथे राहतो. शिंका, अंडी घसरणं, कवच पातळ, आणि वरून ई-कोलाय जंतूचा संसर्ग झाला तर मग मात्र मर. जहाल एच५ च्या सांध्यावर मात्र आर आणि के ची रांगच्या रांग लागलेली असते. २००६ च्या घराण्यात आर-आर-आर-के-के-आर. तो सांधा कापणारी कात्री अंगातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असते, मेंदू, काळीज, फुफ्फुस, सगळीकडे. म्हणून दोन दिवसात शेड बसतं.

म्हणजे जीन्सवरून सांध्यातली ही चार-सहा अमिनो आम्लं वाचली तरी कळतं की प्राणी कुठला आहे. पूर्वी यासाठी दहा कोंबड्यांच्या शिरेत व्हायरस टोचून दहा दिवस बघत बसायचे, निर्देशांक १.२ च्या वर गेला की जहाल. अजूनही ती चाचणी पुस्तकात आहे.

एच९एन२ आपल्या देशात घरचाच झालाय, त्यासाठी मारायला लागले तर अंडंच दिसणार नाही बाजारात. मेलेल्या व्हायरसपासून केलेली त्याची लस पण निघालीय. पण म्हणून त्याला गरीब गाय समजू नका. २०१९ ला मेळघाटातल्या एका तान्ह्या बाळाला एच९एन२ झाल्याचं एनआयव्हीने शोधून काढलं होतं, बाळ बरं झालं.

---

बेस_पेअर:

डॉक्टरसाहेब, सांध्याचं एकदम मस्त सांगितलंत, आणि त्यातच मूळ प्रश्नाचं अजून एक उत्तर आहे. २.३.४.४बी च्या घराण्यात तोच सांधा के-आर-आर-के-आर असा लिहिलेला असतो. स्पेलिंगच वेगळं.

@फुकट_सल्ला_केंद्र, तुमच्या मेव्हण्यांचं वाईट वाटलं, आणि भरपाईबद्दल मी काही बोलू शकत नाही, तो माझा प्रांत नाही. पण उपयोग नाही हे मान्य नाही. तीन गोष्टी सांगते, वेळ मिळेल तशी लिहितेय त्यामुळे विस्कळीत असेल.

डॉक्टर म्हणाले ती पीसीआर. ती चालते प्राइमरवर, आणि प्राइमर म्हणजे व्हायरसच्या मजकुरातल्या ठराविक ओळीला चिकटणारा तुकडा. व्हायरसने नेमकी ती ओळ बदलली तर टेस्ट निगेटिव्ह येणार आणि शेड मरत राहणार. नवीन व्हायरस वाचत राहिलं नाही तर हे कळणारच नाही.

दुसरं म्हणजे अदलाबदल. आठ तुकडे सुटे आहेत ना, एकाच कोंबडीत एकाच पेशीत एच५ आणि एच९ घुसले तर पिल्लं व्हायरसमधे तुकडे पिसले जातात पत्त्यांसारखे, हिशोबाने २५६ प्रकार होऊ शकतात. १९९७ ला हाँगकाँगमधे अठरा माणसांना एच५एन१ झाला आणि सहा गेली, त्या व्हायरसचे आतले तुकडे एच९एन२ च्या एका जातीशी जुळणारे निघाले. बांगलादेशातल्या २.३.२.१ए मधे पण एच९एन२ चा तुकडा सापडलाय. म्हणून डॉक्टर म्हणतात गरीब गाय समजू नका ते अगदी खरं, तो स्वतः मारत नसेल पण मारणाऱ्याला हत्यार उसनं देतो.

तिसरं, माणसांकडे सरकतोय का. पीबी२ नावाच्या जीनमधे ६२७ व्या जागी ई या अमिनो आम्लाच्या ऐवजी के आला की व्हायरसला सस्तन प्राण्यात वाढायला सोपं जातं. गंमत म्हणजे चिंघाईच्या घराण्यात तो के आधीपासूनच होता. डिसेंबर २०२४ ला नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ ने गेले, आठवत असेल. अशा वेळी पहिलं हेच बघतात, जागा बदलल्यात का.

आणि लसीचं म्हणाल तर अजून एक, २००६ ला भारतातल्या एका कोंबडीतून एनआयव्हीने काढलेला व्हायरस डब्ल्यूएचओच्या यादीत आहे, माणसांसाठी एच५एन१ ची लस बनवायची वेळ आली तर बियाणं म्हणून. ए/चिकन/इंडिया/एनआयव्ही३३४८७/२००६. त्या वर्षी साथ नवापूर-जळगाव पट्ट्यातच होती, तेव्हा ती कोंबडी तुमच्याच भागातली म्हणायला हरकत नाही.

आता जिथे मी हात टेकते ते पण सांगते. जीन्सचं झाड सांगेल की हा व्हायरस बाहेरून आला आणि त्याचे जवळचे नातेवाईक कुठले. पण तो कुठल्या ट्रकच्या टायरला लागून आला, का तळ्यावरच्या बदकांनी आणला, हे ते झाड सांगू शकत नाही. त्यासाठी प्रत्येक फार्मचा, बाजाराचा, पाणथळीचा नमुना लागतो, आणि आपल्याकडे नमुने घेतले जातात ते कोंबड्या मेल्यावर. झाडाच्या अर्ध्या फांद्या रिकाम्याच असतात. कोणी म्हणालं "सीक्वेन्सवरून सिद्ध झालं की रानपक्ष्यांनीच आणला" तर जरा जपून ऐका, आणि "रानपक्ष्यांचा संबंधच नाही" म्हणाले तरी जपूनच.

---

तलंगवाला:

ट्रकच्या टायरचं बोललात ते लाख बोललात ताई. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातमधे आहे, व्हायरसला काय माहीत कुठल्या बाजूला तिकीट काढायचं. 😄 खाद्याची गाडी, अंड्याची गाडी, कल माल (अंडी संपलेल्या कोंबड्या) उचलणारे, खत नेणारे, सगळे तेच ते लोक दिवसभर दहा फार्म फिरतात. आणि ते अंड्याचे पुठ्ठ्याचे ट्रे, परत परत वापरतात, त्याच्यावर विष्ठा लागलेली असते.

---

रिकामं_शेड:

बाप रे, एवढं सगळं. सगळ्यांचे आभार, खासकरून ताईंचे आणि डॉक्टरसाहेबांचे. रविवारी मामांना फोनवर वाचून दाखवलं. सातबाऱ्याचं लगेच कळलं त्यांना. थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले "म्हणजे माती चांगली आहे, पण रस्ता खराब आहे." आणि वर "रस्ता तर तोच आहे ना अजून?" आता यावर काय बोलू.

दोन शंका राहिल्या. शेडाच्या मागे कोंबड्या पुरल्या तो खड्डा आहे, मालक म्हणतो तिथे खोदून खत टाकी करू. चालेल का? आणि शेडापासून दीडशे-दोनशे मीटरवर एक पाझर तलाव आहे, थंडीत बदकं उतरतात.

---

गुरांचा_डॉक्टर_निवृत्त:

खड्ड्याला हात लावू नका. इतक्या वर्षांनी व्हायरस नाही मिळणार तिथे, पण चुना टाकून बुजवलेलं ते तसंच राहू द्या. टाकी दुसरीकडे करा, आणि बोअरच्या चढाला तर अजिबात नको.

तलावाचं मात्र मामांनी विचारायला हवं होतं. बोअरचं पाणी द्या, तलावाचं नको, आणि बोअरच्या पाण्याला पण क्लोरीन. शेडाला सगळीकडून जाळी, चिमणी शिरणार नाही एवढी बारीक. खाद्य सांडलेलं बाहेर राहू देऊ नका, कावळे-बगळे येतात ते त्यासाठी. शेडात जाताना पायाला चुना किंवा औषधाचं पाणी, आणि शेडाचे गमबूट शेडातच. गावठी कोंबड्या नि बदकं त्याच आवारात पाळायची नाहीत, कामगाराच्या घरी असतील तर तो कामगार ठेवू नका किंवा त्याच्या कोंबड्या तुम्ही विकत घ्या. ट्रे प्लास्टिकचे घ्या, धुता येतात. गाडी गेटच्या बाहेर.

आणि पहिल्या बॅचला मर झाली, नेहमीपेक्षा जास्त वाटली, तर मानमोडी समजून लस मारत बसू नका. २००९ च्या कायद्याने कळवणं बंधनकारक आहेच, पण तो मुद्दा नाही. २००६ ला आमचे जे दिवस गेले ते त्यातच गेले. त्याच दिवशी दवाखान्यात फोन.

---

फुकट_सल्ला_केंद्र:

भाडेकरारात एक कलम घाला. कलिंग झालं तर त्या काळातलं भाडं कोण भरणार ते लिहून घ्या. मेव्हण्याने लिहिलं नव्हतं.

---

रिकामं_शेड:

हे कोणालाच सुचलं नव्हतं. मालकाशी उद्या बोलतो.